बीम, स्लॅब आणि लक्स : तीन पार्किंगच्या उजेडाच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

काम हातात घेतलं. पुण्याच्या पश्चिमेकडचं गृहसंकुल, टप्प्याटप्प्यानं बांधलेलं, त्यामुळे एकाच कंपाउंडमध्ये तीन तऱ्हेची काँक्रीटची पार्किंग मिळाली आहेत. जुन्या चार इमारतींखाली साधं आरसीसीचं स्टिल्ट, म्हणजे खांबांवरच्या इमारतीखालचं उघडं पार्किंग (यापुढे 'अ'). मधल्या टप्प्यात पोस्ट-टेन्शन (आतून पोलादी केबल ताणलेल्या) बीमवरचं दोन मजली पोडियम पार्किंग ('ब'). आणि नव्या टॉवरखाली फ्लॅट स्लॅबचं, म्हणजे बीम नसलेल्या छताचं, बेसमेंट ('क').

कमिटीची मागणी एका ओळीची: सगळ्या ट्यूब काढा, एलईडी लावा, बिल निम्मं करा. बिल निम्मं नक्की होईल, त्याहूनही खाली येईल. पण जुनी पट्टी काढून त्याच खिळ्यावर नवी पट्टी टांगली, तर जिथे आज काळोख आहे तिथे उद्याही राहील. तिथे वीज फक्त स्वस्तात जळेल. म्हणून सेक्रेटरींना सांगितलं, दिव्यांचं कोटेशन आत्ता मागवू नका. आधी छत बघू, रात्री लक्स मीटर (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं यंत्र) घेऊन फिरू, मग दिवा ठरवू. ते लगेच हो म्हणाले, याचं समाधान वाटलं.

११ जानेवारी

रात्री 'अ' मध्ये मोजणी. वॉचमन आणि वायरमन सोबत.

स्लॅबची खालची बाजू जमिनीपासून ३ मीटर. बीम स्लॅबखाली ६० सेंटिमीटर उतरलेले, म्हणजे बीमखाली २.४ मीटर मोकळे. बीमचे चौकोन साधारण ४ बाय ५ मीटरचे. ट्यूब जुन्या ३६ वॅटच्या, तांब्याच्या चोकवर, म्हणजे चोकसकट ४५ वॅटच्या आसपास. आणि त्या सगळ्या बीमच्या कुशीला ठोकलेल्या. कारण उघड आहे: पाइप बीमच्या कडेनं आला, दिवाही तिथेच बसला.

ट्यूबच्या समोरच्या बाजूला ४० लक्सपर्यंत मिळाले. बीमच्या मागे दोन पावलांवर ९, आणि पुढच्या चौकोनात, जिथे स्वतःची ट्यूब नाही, तिथे ३. भूमिती कागदावर मांडली. ट्यूब २.७ मीटरवर आहे, बीमची खालची धार तिच्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली आणि बीमची लांबची कड ट्यूबपासून ३३ सेंटिमीटरवर. त्या धारेला चाटून जाणारा किरण जमिनीवर ट्यूबपासून जेमतेम ३ मीटरवर पडतो. दीड मीटर उंचीवर, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या पातळीला, तो १.३ मीटरवरच संपतो. तिथून पुढे जे काही दिसतं ते भिंतीवरून आणि जमिनीवरून परतलेल्या उजेडात.

तिथे गाडी लावणाऱ्या एक काकू थांबल्या. म्हणाल्या, "उजेड आहे हो, पण समोरून येणारा माणूस कोण आहे ते कळत नाही." या एका वाक्यावर अख्खा प्रकल्प उभा करायला हवा. आपण सगळे जमिनीवरचा लक्स मोजतो, आणि घाबरणारा माणूस चेहरा शोधत असतो. उद्यापासून प्रत्येक ठिकाणी दोन आकडे घ्यायचे: जमिनीवर आडवा, आणि दीड मीटरवर मीटर उभा धरून.

१४ जानेवारी

'ब' आणि 'क' ची मोजणी पूर्ण. सविस्तर तक्ता फाइलमध्ये आहे, इथे फक्त निरीक्षणं.

पोडियमवर बीम ६ मीटर अंतरावर, १६.५ मीटर लांब, मध्ये एकही कॉलम नाही: ५ मीटर गाड्या, ६.५ मीटर रस्ता, ५ मीटर गाड्या. स्लॅब १५० मिलिमीटर, बीम त्याखाली ७० सेंटिमीटर. छताची उंची ३.१ मीटर. दिवे दोन बीमच्या बरोबर मध्यावर, पण फक्त रस्त्यावर. गाड्यांच्या रांगेत, मागच्या भिंतीशी, काळोख. तिथेच लोक डिकी उघडतात.

बेसमेंटचं जाळं ८.४ बाय ८.४ मीटर. (तीन गाड्या दोन कॉलममध्ये बसवायच्या म्हणून हे माप पुण्यात जागोजागी दिसतं.) वरच्या पातळीवर १० बाय ६ चौकोन, म्हणजे ४,२३४ चौरस मीटर. प्रत्येक चौकोनात २८ वॅटच्या चार टी-फाइव्ह (बारीक ट्यूब), चोकसकट ३१ वॅट धरल्या तर १२४ वॅट. साठ चौकोनांचे ७.४४ किलोवॅट, चोवीस तास चालू. दिवसाला १७८ युनिट, वर्षाला ६५ हजार. युनिटला १० रुपये धरले तरी साडेसहा लाख, एका पातळीचे.

प्रति चौरस मीटर हे १.७६ वॅट होतात. २००७ च्या ईसीबीसीत (इमारतींच्या ऊर्जा-बचतीच्या नियमावलीत) पार्किंगची मर्यादा ३.२ वॅट होती, म्हणजे नियमाच्या दृष्टीनं हे बेसमेंट आजही काटकसरी ठरतं. वॅटची मर्यादा पाळली म्हणजे उजेड नीट पोचला असं होत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला नको.

१८ जानेवारी

किती उजेड हवा, यावर कमिटीशी बसलो. दोन मापं समोर ठेवली. अमेरिकेतली आरपी-२० शिफारस (१९९८ ची आवृत्ती) म्हणत होती, जमिनीवर कुठेही १० लक्सपेक्षा कमी नको, सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या जागेचं प्रमाण १० ला १ च्या आत, आणि दीड मीटरवर उभा प्रकाश किमान ५ लक्स. युरोपचं ईएन १२४६४-१ हे मानक बंदिस्त पार्किंगला जमिनीवर सरासरी ७५ लक्स मागतं.

बेसमेंटच्या एका चौकोनाचं गणित करून दाखवलं. क्षेत्रफळ ७०.५६ चौ.मी., उपयोग गुणांक (दिव्याच्या प्रकाशातला जमिनीवर पोचणारा वाटा) ०.५, देखभाल गुणांक (धूळ आणि वयानं होणारी घट धरून) ०.७. सरासरी ७५ लक्सला १५,१२० ल्युमेन (दिव्यांतून निघणारा एकूण प्रकाश) लागतात, ३० लक्सला ६,०५०. अडीच पट फरक, आणि तो दर महिन्याच्या बिलात दिसणार.

ठरलं ते असं: सरासरी ३०, कुठेही १० च्या खाली नाही, उभा प्रकाश कुठेही ५ च्या खाली नाही. स्टिल्ट बाजूंनी उघडं आहे, तिथे सरासरी थोडी कमी चालेल, पण किमान आकडे तेच. माझा आग्रह किमान आकड्यांवर आहे. सरासरी कुणालाही वाढवता येते, दिव्याखाली जास्त उजेड पाडला की झालं. किमान सांभाळायला छत समजून घ्यावं लागतं.

२३ जानेवारी

चाकणच्या बाजूला एका कारखान्याचं प्रीकास्ट पार्किंग बघायला मिळालं. आमच्या प्रकल्पात हा प्रकार नाही, पण तुलनेसाठी हवा होता. डबल-टी: इंग्रजी टी अक्षरासारख्या दोन दांड्यांचा एकसंध तुकडा, कारखान्यात ओतून ट्रेलरवरून आणलेला. अमेरिकेतल्या बहुमजली पार्किंगमध्ये १८ मीटरच्या गाळ्यासाठी हा सर्रास वापरतात.

उभारणी झपाट्यानं होते, पण उजेडासाठी हे छत अवघड. दांडे दर दीड मीटरवर, ७० सेंटिमीटर खोल. दिवा दोन दांड्यांमध्ये वर चिकटवला की तो घळीत बसतो. दांडा दिव्यापासून पाऊण मीटरवर आणि ६५ सेंटिमीटर खाली, म्हणजे उभ्या रेषेपासून ४९ अंशांच्या पलीकडचा सगळा प्रकाश दांड्यावर आपटतो. आडव्या दिशेनं जमिनीवर पोच ३.३ मीटर, चेहऱ्याच्या पातळीला १.६ मीटर.

हेच गणित आमच्या पोडियमला लावलं: बीम ३ मीटर दूर, दिव्याखाली ६५ सेंटिमीटर. अडवणूक ७८ अंशांना. जमिनीवरची पोच १४ मीटर, चेहऱ्याच्या पातळीला ७ मीटरच्या पुढे. दोन्हीकडे छताखालची खोली तेवढीच आहे, फरक पाडला तो फक्त दांड्यांच्या अंतरानं. बीमची खोली सगळ्यांच्या डोळ्यांत भरते, पण खरा हिशेब खोली आणि अंतर यांच्या गुणोत्तराचा आहे.

डबल-टीमध्ये एकच उपाय पटतो: दिवा दांड्याच्या खालच्या पातळीपर्यंत लोंबता आणायचा. मग तो गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यात जातो आणि टेम्पोच्या टपाला लागायची भीती राहते. म्हणून चकाकी झाकणारं आवरण आणि वर सरकणारा लटका दांडा, दोन्हीचा खर्च धरावा लागतो. प्रीकास्टचा दर काढताना हा खर्च कुणी धरत नाही, कारण दिव्यांचं टेंडर सहा महिन्यांनी निघतं.

३० जानेवारी

बेसमेंटची पहिली निराशा. फ्लॅट स्लॅबला बीम नाहीत, कॉलमशी १५० मिलिमीटरचा ड्रॉप (स्लॅबचा खाली जाड केलेला भाग) तेवढा, आणि तो दिव्यापासून २.८ मीटर दूर, म्हणजे नगण्य. कागदावर तिन्हींत हे छत सर्वांत सोपं. पण प्रत्यक्षात छतच दिसत नाही. हवेचा डक्ट, स्प्रिंकलरचे पाइप, ड्रेनेजच्या लाइनी, केबल ट्रे. डक्टची खालची बाजू २.५ मीटरवर. बीम निदान ठरलेल्या अंतरावर येतो. डक्ट कुठूनही कुठेही जातो.

दोन टी-फाइव्ह तर डक्टच्या वरच्या अंगाला सापडल्या. आधी दिवा बसला, मग डक्टवाले आले. कित्येक वर्षं त्या पत्र्यावर उजेड पाडत आहेत.

निर्णय: बेसमेंटमध्ये छताला एकही दिवा नाही. सगळे २.५ मीटरवर, केबल ट्रेच्या चॅनेलखाली.

४ फेब्रुवारी

दिव्याच्या दिशेवर वायरमनशी चांगली चर्चा झाली. लांब पट्टीचा प्रकाश तिच्या अंगाला काटकोनात जास्त जातो, टोकांकडून कमी. बीमच्या घळीत पट्टी बीमला समांतर लावली तर तिचा मुख्य प्रकाश बीमवर आपटतो. बीमला आडवी लावली तर तो घळीच्या लांबीत धावतो. त्यांनी लगेच एक पट्टी काढून फिरवून दाखवली, आणि मीटर न लावताही फरक कळला. स्टिल्टमध्ये म्हणून आडवी.

रस्त्यावर मात्र उलटा विचार. तिथे गाडीच्या दिशेला समांतर पट्टी चालवणाऱ्याला टोकाकडून दिसते, डोळ्यावर कमी येते. पोडियममध्ये हे दोन्ही विचार जुळून आले: बीम रस्त्याला आडवे आहेत, त्यामुळे बीमला काटकोनात लावलेली पट्टी आपोआप रस्त्याला समांतर होते. शिवाय दूरचे दिवे बीमच्या मागे झाकले जातात, चकाकी बीमच अडवतो. पोस्ट-टेन्शनचं छत मला दिवसेंदिवस जास्त आवडू लागलं आहे.

११ फेब्रुवारी

पोडियमचं काम सुरू करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलावलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भोकं कुठे पाडणार?" मी म्हटलं, दोन बीमच्या मध्यावर. त्या म्हणाल्या, "नेमक्या तिथेच केबल सर्वांत खाली असते."

हे प्रत्येक वायरमनला सांगायला हवं. पोस्ट-टेन्शन स्लॅबमधली ताणलेली केबल सरळ नसते. बीमवर ती स्लॅबच्या वरच्या अंगाला असते, आणि मध्यावर झोळीसारखी उतरून खालच्या पृष्ठभागाजवळ येते. उजेडासाठी उत्तम जागा तीच, आणि ड्रिलसाठी सर्वांत धोक्याची जागाही तीच. केबलवर प्रचंड ताण असतो. ड्रिलची अणी लागून तार तुटली तर स्लॅबची ताकद जाते, आणि खाली उभ्या माणसाला इजा होऊ शकते.

ठरलेली पद्धत: बिल्डरकडच्या नकाशावरून केबलच्या ओळी छतावर खडूनं आखायच्या. नकाशावर पूर्ण भिस्त न ठेवता स्कॅनर फिरवून खात्री करायची. भोक दोन केबलच्या मधोमध, खोली २५ मिलिमीटरच्या आत, ड्रिलला स्टॉपर लावूनच. मॅडमच्या सहीशिवाय एकही भोक नाही. कामाचा वेग कमी होईल, त्याची मला अजिबात पर्वा नाही.

नव्या बांधकामात हे सगळं टळू शकतं: स्लॅब ओतण्याआधीच शटरिंगवर दिव्यांचे इन्सर्ट (दिवा अडकवायच्या खोबण्या) टाकायचे. चार रुपयांचं काम.

१९ फेब्रुवारी

रंगाची चाचणी. बेसमेंटमधले शेजारशेजारचे दोन चौकोन घेतले, दोन्हींत सारखे नवे दिवे. एकात छत, कॉलम आणि वरची भिंत पांढरी केली, दुसरा तसाच कोऱ्या काँक्रीटचा. दिवा कडांनीही प्रकाश सोडणाऱ्या दुधी आवरणाचा निवडला आहे, नाहीतर छताच्या रंगाला फार अर्थ उरत नाही.

कोऱ्या चौकोनात सरासरी २६, पांढऱ्यात ३१. उभ्या प्रकाशात फरक त्याहून मोठा: सर्वांत वाईट जागी ४ चे ७ झाले. गणितात उपयोग गुणांक ०.५ वरून ०.६ धरायला हरकत नाही. म्हणजे ३० लक्ससाठी ६,०५० ऐवजी ५,०४० ल्युमेन. तीन दिव्यांऐवजी २४ वॅटचे, २,६४० ल्युमेनचे दोन दिवे पुरतात. प्रत्येक चौकोनातला एक दिवा, त्याचं वायरिंग, सगळं रंगानं वाचवलं.

रंग चुन्याचा नको, बेसमेंटच्या ओलीत तो पापुद्रे धरतो. सिमेंट पेंट. आणि जिथे गळती आहे ती आधी बुजवायची. पांढऱ्या रंगाखाली ती काही महिने लपेल, एवढंच.

३ मार्च

सर्किटची फेरमांडणी. पोडियमची पश्चिम आणि दक्षिण बाजू उघडी आहे. दुपारी कडेच्या ६ मीटरमध्ये दिव्यांची गरजच नाही, तरी ते चालू, कारण सर्किट कडेपासून आत, काटकोनात गेलेली आहेत. कडेचा दिवा बंद केला तर आतलाही जातो. आता सर्किट कडेला समांतर. पहिली ओळ फोटोसेलवर (बाहेरच्या उजेडानुसार दिवा चालू-बंद करणाऱ्या सेन्सरवर), आतल्या ओळी वेगळ्या. नव्या दिव्याइतकीच बचत काही ठिकाणी या तारांच्या दिशेतून मिळेल.

बेसमेंटच्या रॅम्पवर उलटं. भर दुपारी बाहेर हजारो लक्स असतात आणि गाडी अचानक ३० लक्समध्ये शिरते. डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, त्या काही क्षणांत समोरचं मूल दिसत नाही. तीच आरपी-२० प्रवेशावर दिवसा ५०० लक्स मागत होती आणि रात्री फक्त १०. आज तिथे दिवसा दिवे बंद आणि रात्री चालू आहेत. रॅम्पसाठी वेगळा फोटोसेल: ऊन असताना पूर्ण, अंधार पडला की मंद.

२१ मार्च

सेन्सर. वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी कामगार खात्याच्या मुख्यालयाच्या पार्किंगचा २०१३ चा अभ्यास कमिटीला समजावला: दिवे बदलून ५२ टक्के बचत झाली, आणि सेन्सर लावून त्यांचा वेळ १० मिनिटांवरून अडीच मिनिटांवर आणल्यावर एकूण बचत ८८ टक्क्यांवर गेली. आपला वेळ ३ मिनिटं. माणूस नसताना दिवा पूर्ण बंद नाही, २० टक्क्यांवर. काळोख्या बेसमेंटमध्ये कुणालाही पाऊल टाकावं लागू नये.

छताचा प्रकार इथेही आडवा येतो. पीआयआर सेन्सरला (अंगाच्या उष्णतेवरून माणूस ओळखणाऱ्या) माणूस थेट दिसावा लागतो, बीमच्या पलीकडचा त्याला दिसत नाही. स्टिल्टमध्ये म्हणून प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र सेन्सर. बेसमेंटमध्ये एका चौकोनाला एक, आणि तो मायक्रोवेव्हचा (लहरी सोडून हालचाल टिपणारा), कारण पाइपांच्या गर्दीत थेट नजर मिळत नाही. संवेदनशीलता उतरवून ठेवली, नाहीतर एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांनाही तो माणूस समजतो.

१७ एप्रिल

'अ' पूर्ण. चौकोनाच्या मध्यावर एक १० वॅटचा दिवा. किमान जमिनीवर ११, उभा ६. वीज प्रति चौरस मीटर अर्धा वॅट, तिन्हींत सर्वांत कमी. पण दर १०० चौरस मीटरला पाच दिवे आणि पाच सेन्सर लागले. पोडियमला तीन दिवे लागतात, बेसमेंटला तीनाच्या जरा आत. बीमच्या चौकोनांचा भार वीजबिलावर कमी आणि पॉइंटच्या खर्चावर जास्त पडतो. उद्या दुरुस्तीही तेवढीच.

६ मे

उकाडा वाढल्यावर स्टिल्टमधले काही पीआयआर उशिरा जागे होऊ लागले. हवा अंगाच्या तापमानाजवळ गेली की त्यांना माणूस आणि भिंत यांतला फरक कमी जाणवतो. दुपारी तिथे उजेड असतो, त्यामुळे गैरसोय नाही, पण संध्याकाळी सातला भिंती तापलेल्याच असतात. पश्चिमेच्या ओळीत मायक्रोवेव्हचे बसवायला सांगितले.

२० मे

बेसमेंटच्या सब-मीटरचे आकडे स्थिरावले. दिवसाला ३० ते ३४ युनिट. दिवे बदलायच्या आधीच्या आठवड्यात १६० च्या वर होते (काही ट्यूब गेलेल्या होत्या, म्हणून हिशेबातल्या १७८ पेक्षा कमी). गणितानं २८ येत होते, दिवसाला सहा तास पूर्ण उजेड धरून. लोक त्याहून जास्त ये-जा करतात, ते बरंच आहे.

पोडियमवर गाड्यांच्या रांगेतली किमान नोंद १२, उभी ७.

२६ मे

हस्तांतर. वायरमनकडून सर्किटचा नकाशा लॅमिनेट करून डीबीच्या (विजेच्या वितरण पेटीच्या) दारात लावला. पोडियमच्या छतावरच्या केबलच्या ओळी पुसायच्या नाहीत असं रंगाऱ्याला लेखी दिलं, खडूच्या जागी आता रंगानं आखल्या आहेत. दिव्यांची आवरणं सहा महिन्यांनी पुसायची. ०.७ हा देखभाल गुणांक पुसण्यावर बेतलेला आहे, टायरची काळी धूळ साचली तर दोन वर्षांत किमान आकडे हातातून जातील.

खालच्या बेसमेंट पातळीचं काम पावसाळ्यानंतर. तिथे डक्ट आणखी खाली आहे, २.३ मीटरवर. एचव्हीएसीवाल्यांना (हवेचे डक्ट टाकणाऱ्यांना) आधीच कळवलं आहे की त्यांनी कुठलीही नवी लाइन टाकण्यापूर्वी दिव्यांच्या ओळींचा नकाशा बघावा आणि दोघांनी मिळून जागेवर खुणा कराव्यात.